ईप्लॅनमध्ये जंपर पट्टी दाखवायची आहे, रिपोर्टमध्ये मात्र वायरचे लूप येतात

रेघ_आणि_रेल

ईप्लॅन इलेक्ट्रिक पी८ (इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) मध्ये एका छोट्या पीएलसी (मशीनचा कंट्रोलर) पॅनेलचं ड्रॉइंग चालू आहे. २४ व्होल्ट डीसीचं वाटप एक्स२ या टर्मिनलांच्या ओळीवर, म्हणजे स्ट्रिपवर. टर्मिनल १ ते ८ वर पी२४, म्हणजे प्लस २४ व्होल्ट, ९ ते १६ वर एम, म्हणजे शून्य व्होल्ट. सगळी टर्मिनलं फीनिक्स कॉन्टॅक्टची यूटी २.५. एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) १० अँपिअरचा. त्याचा प्लस टर्मिनल १ वर येतो, मायनस टर्मिनल ९ वर, आणि पुढच्या टर्मिनलना तिथूनच द्यायचं आहे.

पॅनेलमध्ये प्लग-इन जंपर पट्टी (शेजारची टर्मिनलं जोडणारी धातूची पट्टी) बसणार आहे, वायरचे लूप नकोत. स्कीमॅटिकमध्ये मी टर्मिनलच्या पॅनेलकडच्या टोकाला टी-नोड (रेघेला फाटा फोडणारा सिम्बॉल) लावत एकाला एक जोडत गेलो. चित्र बरोबर दिसतं, पण:

– कनेक्शन लिस्टमध्ये एक्स२:१ ते एक्स२:२, एक्स२:२ ते एक्स२:३ अशा एका गटाच्या ७, दोन्ही मिळून १४ ओळी वायर म्हणून येतात. वायरमनने ही यादी हातात घेतली तर तो १४ तुकडे कापून २८ टोकांना लग मारून ठेवेल.
– बीओएममध्ये (सामानाच्या यादीत) पट्टीचा पत्ताच नाही.
– टर्मिनल स्ट्रिप एडिटरमध्ये मॅन्युअल जंपर टाकून पाहिला. तो दिसतो, पण लूपच्या ओळी काही जात नाहीत. आता पट्टी आणि लूप दोन्ही एकदम दिसतात.

यातली बरोबर पद्धत कोणती? आणि ८ टर्मिनलांसाठी पट्टी कोणती मागवायची?

---

क्लॅम्प५२

लूप येतात, कारण तुम्ही ईप्लॅनला लूपच सांगितले आहेत.

टर्मिनलच्या ज्या टोकावर वायर घट्ट करतात त्या टोकातून शेजारच्या टर्मिनलच्या तसल्याच टोकाकडे रेघ गेली, की ईप्लॅनच्या लेखी तो वायर जंपर. जंपर पट्टीसाठी टर्मिनलच्या सिम्बॉलला वेगळी टोकं असतात. त्यांना तिथे सॅडल जंपर म्हणतात. जोड त्या टोकांमधून गेला तरच पट्टी धरली जाते. खरं टर्मिनल डोळ्यासमोर आणा: वायर स्क्रूखाली जाते, पट्टी मधल्या खाचेत जाते. दोन जागा वेगळ्या, म्हणून सिम्बॉलवरची टोकंही वेगळी.

आता काय करायचं ते सांगतो.

आधी मॅन्युअल जंपर काढून टाका. एडिटरमध्ये तीच टर्मिनलं निवडा, राइट क्लिक करा, मॅन्युअल जंपर काढण्याचा पर्याय घ्या. हे पहिलं करा, नाहीतर पुढे जे दिसेल ते कशामुळे दिसतंय हे कळणार नाही.

मग स्कीमॅटिकमध्ये टर्मिनलच्या वरचे टी-नोड आणि कोपरे पुसा. एसएमपीएसची वायर फक्त टर्मिनल १ वर उतरू द्या.

प्रत्येक टर्मिनलचा सिम्बॉल बदलून सॅडल जंपरची टोकं असलेला घ्या. आयईसीच्या सिम्बॉल लायब्ररीत तो ४ टोकांचा असतो: २ वायरची, २ पट्टीची. सिम्बॉल आडव्या ओळीत मांडले की पट्टीची टोकं डावी-उजवीकडे यायला हवीत. येत नसतील तर व्हेरियंट (त्याच सिम्बॉलचं फिरवलेलं रूप) बदला. नुसता सिम्बॉल बदलून थांबू नका, टर्मिनलच्या प्रॉपर्टीत फंक्शन डेफिनिशन (ईप्लॅन त्या सिम्बॉलला काय समजतं ती नोंद) उघडून तीही सॅडल जंपरवाली आहे का पाहा. बहुतेकांचं इथेच चुकतं. चित्रात ४ टोकं, पण आत डेफिनिशन साध्या टर्मिनलची, असा प्रकार जुन्या प्रोजेक्टमधून पानं उचलली की हमखास होतो.

टर्मिनलं एकाच उंचीवर शेजारी-शेजारी ठेवली की ऑटोकनेक्टिंगमुळे पट्टीच्या टोकांमधल्या रेघा आपोआप येतात. इथे टी-नोड लागत नाही. पट्टी १ मधून २, २ मधून ३ अशीच जाते.

शेवटी कनेक्शन अपडेट करा. हे न करता रिपोर्ट काढला तर जुनेच १४ लूप दिसतात आणि माणूस उगाच सिम्बॉल परत बदलत बसतो.

यानंतर टर्मिनल २ ते ८ च्या पॅनेलकडच्या स्क्रूवर काहीच जोडलेलं दिसणार नाही. ती चूक नाही. पट्टीने तिथे वीज पोचली आहे आणि स्क्रू मोकळा राहिला आहे. पॅनेलच्या आतला रिले, पीएलसीचा कार्ड सप्लाय वगैरे त्या मोकळ्या बाजूवर घेता येतात. लूप असते तर मधल्या प्रत्येक टर्मिनलच्या एका स्क्रूखाली २ वायरी आल्या असत्या. आयईसी ६०२०४-१ (मशीनच्या इलेक्ट्रिकल कामाचं मानक) नुसार एका टर्मिनलमध्ये दोन वायरी तेव्हाच चालतात, जेव्हा ते टर्मिनल त्यासाठी बनवलेलं असेल. दोन वायरींसाठी डेटाशीटमध्ये साइझची मर्यादा वेगळी आणि कमी असते, ती सहसा कोणी पाहत नाही.

मॅन्युअल जंपरबद्दल माझं मत: तो एडिटरमध्ये लिहून ठेवलेल्या चिठ्ठीसारखा आहे. स्कीमॅटिकच्या पानावर त्याची रेघ नसते, त्यामुळे फॉल्ट शोधणाऱ्याला पानावरून पत्ता लागत नाही की टर्मिनल ५ वर २४ व्होल्ट आले कुठून. साइटवर ऐनवेळी बदल झाला, पान बदलायला वेळ नाही, तेवढ्यापुरता ठीक. नव्या ड्रॉइंगमध्ये नको.

बीओएमसाठी: पट्टी म्हणजे विकत घ्यायची वस्तू आहे, जोडणीची रेघ काढली म्हणून ती आपोआप यादीत येत नाही. एक्स२ च्या टर्मिनल स्ट्रिप डेफिनिशनच्या पार्ट्स टॅबमध्ये एंड क्लॅम्प (स्ट्रिप रेलवर सरकू नये म्हणून टोकाला लावतात तो) जिथे लिहिता तिथेच पट्ट्याही नगासकट लिहा. काहीजण गटाच्या पहिल्या टर्मिनलच्या पार्ट्समध्ये लिहितात. तेही चालतं, पण ते टर्मिनल कोणी पुसलं की पट्टीही त्याच्याबरोबर जाते.

---

पट्टीवाला

ड्रॉइंगचं वर आलंच आहे. मी वस्तूबद्दल लिहितो, कारण ८ हा आकडा जरा अडचणीचा आहे.

यूटी २.५ ची जाडी ५.२ मिमी. त्याला एफबीएस मालिकेतली, मागे ५ लावलेली पट्टी लागते. एफबीएस २-५, ३-५, ४-५, ५-५, १०-५, २०-५, ५०-५ अशी नावं. पहिला आकडा पोलचा (पट्टीला किती दात), दुसरा पिचचा (दोन दातांतलं अंतर). ५ म्हणजे ५.२ मिमी, ६ म्हणजे ६.२ मिमी. दुकानात नुसतं ‘दहाची पट्टी द्या’ म्हटलं की कधी ६ ची हातात येते. पहिल्या दोन खाचांत ती दाबून बसल्यासारखी वाटते, तिसऱ्या-चौथ्याला अडते, कारण दर खाचेला १ मिमीचा फरक साचत जातो.

८ टर्मिनलांसाठी तीन वाटा आहेत.

पहिली, १० ची पट्टी घेऊन २ पोल कापायचे. सगळे हेच करतात. कापलेल्या टोकाला तांबं उघडं पडतं. ते टोक तुमच्या बाबतीत टर्मिनल ८ च्या कडेला, म्हणजे थेट टर्मिनल ९ च्या पट्टीसमोर येणार. एका बाजूला पी२४, दुसऱ्या बाजूला एम. तिथे दोन टर्मिनलांच्या मध्ये पार्टिशन प्लेट घालायलाच हवी, यूटीसाठी एटीपी-यूटी नावाची मिळते. कापलेल्या पट्टीला व्होल्टेजची मर्यादाही उतरते. २४ व्होल्टला फरक पडत नाही, पण हीच सवय ४१५ व्होल्टच्या स्ट्रिपवर गेली की पडतो. एफबीएस २०-५ घेऊन तिचे दोन तुकडे करणाऱ्यांचं तर दोन्हीकडचं तांबं समोरासमोर येतं.

दुसरी, माझ्या पसंतीची: ५ ची एक आणि ४ ची एक. यूटी टर्मिनलला पट्टीसाठी दोन समांतर खाचा असतात. एफबीएस ५-५ पहिल्या खाचेत १ ते ५ वर लावा, एफबीएस ४-५ दुसऱ्या खाचेत ५ ते ८ वर. टर्मिनल ५ मध्ये दोन्ही पट्ट्यांचे दात आहेत, त्यामुळे गट एकच राहतो. ५ आणि ४ नऊ, त्यातलं एक सामाईक, उरले ८. काही कापायला नको, प्लेट नको, दोन्ही टोकं प्लास्टिकमध्ये झाकलेली. एम गटालाही तसंच. एकूण एफबीएस ५-५ चे २ नग, एफबीएस ४-५ चे २ नग. ५-५ चा ऑर्डर नंबर ३०३०१९०, ४-५ चा ३०३०१८७.

तिसरी वाट म्हणजे गटच १० चा करा. दोन-दोन टर्मिनलं राखीव राहतील, एफबीएस १०-५ (३०३०२१३) चे २ नग लागतील, संपलं. स्ट्रिप २० टर्मिनलांची म्हणजे १०४ मिमी, शेवटची प्लेट २.२ मिमी, दोन एंड क्लॅम्प, क्लिपफिक्स ३५, प्रत्येकी ९.५ मिमी. सगळं मिळून साधारण १२५ मिमी. रेलवर जागा असेल तर मी हेच सुचवेन. सेन्सर नंतर वाढतातच.

करंटचं: ५ पिचच्या एफबीएसची मर्यादा २४ अँपिअर. तुमचा एसएमपीएस १० चा, त्यामुळे सप्लाय टर्मिनल १ वर आणलात काय आणि मध्ये आणलात काय, चालेल. पण हीच रचना २३० व्होल्टच्या वाटपाला कोणी उचलेल म्हणून सांगतो. समजा ८ टर्मिनलं, प्रत्येकावर ४ अँपिअर, एकूण ३२. सप्लाय टर्मिनल १ वर दिला तर १ आणि २ च्या मधल्या पट्टीतून बाकीच्या सातांचे २८ अँपिअर जाणार. मर्यादा ओलांडली. सप्लाय टर्मिनल ४ वर दिला तर एका बाजूला ३ टर्मिनलांचे १२, दुसऱ्या बाजूला ४ टर्मिनलांचे १६. पट्टी सुटली. पण टर्मिनल ४ च्या स्क्रूखालून ३२ च्या ३२ अँपिअर येतातच, आणि यूटी २.५ चं रेटिंग २.५ चौमिमी वायरला २४ आहे. मधून सप्लाय दिल्याने पट्टी वाचते, टर्मिनल वाचत नाही. अशा वेळी गटच दोन करावेत, दोन वेगळ्या एमसीबीवर (छोट्या सर्किट ब्रेकरवर).

आणि एक बारीक गोष्ट. पट्टी बसली की तिचा वरचा भाग टर्मिनलच्या खाचेत पूर्ण उतरलेला दिसला पाहिजे. ५ पोलची पट्टी अंगठ्याने एका टोकाला दाबली की ते टोक बसतं आणि दुसरं अर्धा मिलिमीटर वर राहतं. मल्टिमीटरने कंटिन्युइटी दाखवते. लोड आला की तोच दात गरम होतो. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने प्रत्येक पोलवर एकदा दाबावं. वायरच्या स्क्रूचा टॉर्क यूटी २.५ ला ०.५ ते ०.६ न्यूटन मीटर, वायर सोलायची ९ मिमी.

---

रेघ_आणि_रेल

दोघांचेही आभार. सिम्बॉल बदलले, फंक्शन डेफिनिशन बदलली, कनेक्शन अपडेट केली. लूपच्या १४ ओळी गेल्या. पण आता नवीन भानगड. एडिटरमध्ये पट्टी १ पासून थेट १६ पर्यंत सलग दिसते. म्हणजे पी२४ आणि एम शॉर्ट. मी ८ आणि ९ मध्ये काहीच काढलेलं नाही.

शिवाय बदल आला आहे: पी२४ च्या बाजूला प्रत्येक फीडरला ५×२० चा फ्यूज हवा. यूटी ४-हेसी घ्यायची म्हणतायत. सिम्बॉल फ्यूज टर्मिनलचा घेतला की पट्टी आपोआप जाईल ना?

---

क्लॅम्प५२

८ आणि ९ एकाच उंचीवर ठेवलेत, एवढंच झालंय. ऑटोकनेक्टिंगला पी२४ आणि एम कळत नाही. एकमेकांसमोर आलेली दोन टोकं दिसली की ते रेघ मारतं. ८ ची उजवी आणि ९ ची डावी बाजू समोरासमोर आली.

एम गट ग्रिडच्या २-३ ओळी खाली सरकवा किंवा वेगळ्या पानावर न्या. गट दोन पानांत तुटत असेल तर पट्टीच्या रेघेच्या टोकाला इंटरप्शन पॉइंट लावून (रेघ पुढे कुठे जाते ते सांगणारी खूण) पुढच्या पानावर त्याच नावाने घ्या. जोड अखंड राहतो.

मग पोटेन्शियल (कोणती टर्मिनलं एकाच व्होल्टेजची आहेत ते) तपासा. एसएमपीएसच्या प्लसवर आणि मायनसवर पोटेन्शियल डेफिनिशन टाकली आहेत ना? नसतील तर टाका. त्यानंतर पोटेन्शियलच्या यादीत पी२४ खाली टर्मिनल १ ते ८ आणि एम खाली ९ ते १६ असंच दिसलं पाहिजे. ८ चं ९ ला चिकटलं की तिथे लगेच उघडं पडतं. छापलेल्या पानावर ती रेघ बारीक असते आणि नजरेतून सुटते.

आणखी एक ठिकाण जपा: क्रम. पट्टी शेजाऱ्याशेजारची असते, म्हणून एडिटरमधला क्रम आणि रेलवरचा क्रम एकच हवा. मध्येच ४ए नावाचं टर्मिनल वाढवलं आणि ते यादीत शेवटी जाऊन पडलं, तर कागदावर पट्टी उड्या मारताना दिसते. टर्मिनलच्या सॉर्ट कोडने किंवा एडिटरमध्ये वर-खाली हलवून क्रम लावा, मग नंबर द्या. उलट केलंत तर नंबर परत बदलावे लागतात आणि फेरूल (वायरवर चढवायचे नंबरचे तुकडे) छापून झालेले असतात.

टर्मिनल डायग्रामचा फॉर्म पट्टीसाठी रकाना असलेला निवडा. काही साध्या फॉर्ममध्ये तो नसतो. डेटा बरोबर असतो, छापला जात नाही आणि प्रश्न इथे येतो. टर्मिनल डायग्रामचे फॉर्म एफ१३ एक्स्टेन्शनचे असतात, त्यात शोधा.

---

पट्टीवाला

फ्यूजचं थांबा. ‘आपोआप’ म्हणू नका, इथेच गडबड होते.

पहिलं, यूटी ४-हेसी ६.२ मिमी जाडीचं आहे. वर ज्या ५-५ आणि ४-५ सांगितल्या त्या आता पी२४ गटाला चालणार नाहीत. मागे ६ असलेल्या घ्या, एफबीएस ५-६ आणि ४-६. त्यांची मर्यादा ३२ अँपिअर. एम गट यूटी २.५ च राहिला तर तिथे आधीच्याच पट्ट्या. म्हणजे एका स्ट्रिपवर दोन पिच झाले. बीओएममध्ये दोन्ही वेगळ्या ओळीत लिहा, एकीचे ४ नग लिहून मोकळे होऊ नका. ६.२ आणि ५.२ ची टर्मिनलं शेजारी आली तर त्यांच्या खाचांतलं अंतर ५.७ मिमी होतं. त्यात ना ५ ची पट्टी नीट बसते ना ६ ची. तुमच्याकडे त्या सीमेवर पी२४ संपून एम सुरू होतो, म्हणून अडणार नाही. पण सप्लायसाठी मुद्दाम जाड टर्मिनल आणि पुढे बारीक, अशी रचना असेल तर त्यासाठी रिडक्शन ब्रिज नावाची वेगळी पट्टी असते, तीच घ्यायची.

दुसरं आणि खरं महत्त्वाचं: पट्टी फ्यूजच्या आधीच्या बाजूला आली पाहिजे. फ्यूज टर्मिनलची एक बाजू सप्लायची, एक लोडची. पट्टी लोडच्या बाजूला आली आणि आठही फ्यूजना सप्लाय पोचत असला, तर आठही फ्यूज समांतर होतात. प्रत्येकात १ अँपिअरचा फ्यूज असला तरी एका सेन्सरच्या केबलमध्ये शॉर्ट झाल्यावर तो करंट आठही फ्यूजमधून वाटून येतो. एक फ्यूज उडवायला १ अँपिअरच्या वर जे लागायचं, त्याच्या जवळपास आठपट लागेल. १० अँपिअरचा एसएमपीएस त्याआधी स्वतःच करंट मर्यादेत जाऊन पूर्ण पॅनेल बसवेल. फ्यूज काढून टेस्ट केली तरी लोडवर २४ व्होल्ट दिसतच राहतात, कारण बाकीचे सात देत असतात. ही खूण लक्षात ठेवा.

टर्मिनलवर खाच फ्यूजच्या कोणत्या बाजूला आहे ते डेटाशीटमधल्या छोट्या सर्किटच्या चित्रात दिसतं. टर्मिनल रेलवर उलटं बसलं तर बाजू बदलते आणि बाहेरून पटकन कळत नाही. लेआउटच्या पानावर ‘फ्यूजची लोडची बाजू फील्डकडे’ अशी ओळ लिहायला काहीही खर्च नाही.

क्लॅम्प५२, सिम्बॉलमध्ये हे कसं दाखवायचं ते तुम्हीच सांगा.

---

क्लॅम्प५२

फ्यूज टर्मिनलच्या सिम्बॉलमध्ये पट्टीची टोकं फ्यूजच्या कोणत्या अंगाला आहेत ते व्हेरियंटनुसार बघून घ्यायचं. ईप्लॅनमध्ये टर्मिनलला इंटर्नल आणि एक्स्टर्नल अशा दोन बाजू असतात, आणि एडिटरमध्ये पट्टीही त्या-त्या बाजूच्या रकान्यात दिसते. तुमच्याकडे पॅनेलची बाजू इंटर्नल, फील्डची (पॅनेलबाहेरच्या सेन्सर वगैरेंची) एक्स्टर्नल. पट्टी इंटर्नलच्या रकान्यात दिसली पाहिजे. एक्स्टर्नलला दिसली तर पट्टी फ्यूजच्या चुकीच्या बाजूला गेली म्हणून समजा. पार्ट निवडतानाही त्या पार्टच्या फंक्शन टेम्प्लेटमध्ये सॅडल जंपरची टोकं आहेत का पाहा. टेम्प्लेट साध्या टर्मिनलची आणि स्कीमॅटिकमध्ये सॅडल जंपरवाली डेफिनिशन असली की दोन्ही जुळत नाहीत.

---

स्क्रू_आणि_साखळी

मध्येच विचारतो, ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे कसं? तिथे सिम्बॉलला पट्टीची वेगळी टोकं दिसत नाहीत.

---

दोन_मजली

तिथे विचारच वेगळा आहे. जंपर ही टर्मिनलांमधली नोंद असते, रेघ नाही.

पॅनेल टॅबवरून टर्मिनल स्ट्रिप एडिटर उघडा, स्ट्रिप निवडा. पहिल्या टॅबमध्ये हवी ती टर्मिनलं शिफ्ट किंवा कंट्रोल धरून निवडा आणि असाइन जंपर दाबा. टर्मिनलांच्या ओळींमध्ये जोड दिसतो. चुकलं तर शेजारीच एडिट आणि डिलीट आहे. स्कीमॅटिकच्या पानावरून करायचं असेल तर एडिट जंपर घ्या, पहिलं टर्मिनल टिचका, मग बाकीची. जी खिडकी उघडते तिच्यात जंपरचा मेक आणि कॅटलॉग नंबर भरायची जागा आहे. ती रिकामी सोडू नका, पट्टी बीओएममध्ये येण्याची वाट तीच. ५ आणि ४ ची जोडी वापरणार असाल तर दोन्ही नग बीओएममध्ये आले का हे रिपोर्ट काढून मोजा.

पार्टिशन प्लेट आणि एंड क्लॅम्प त्याच एडिटरमध्ये इन्सर्ट ऍक्सेसरीने टाका. राखीव टर्मिनलं इन्सर्ट स्पेअरने. वायरमनसाठी लेआउट प्रिव्ह्यू टॅबमध्ये जंपर चार्ट हा प्रकार आहे, तो काढून द्या. नुसत्या स्ट्रिपच्या चित्रापेक्षा तो जास्त कामाचा.

एक सावधगिरी. सर्किट दुसऱ्या पानावर न्यायचं तर ऑटोकॅडची साधी कॉपी वापरू नका, कॉपी सर्किट वापरा. टर्मिनलच्या पोटात लपलेला डेटा साध्या कॉपीत जसाच्या तसा जातो, आणि मग नव्या पानावरचं टर्मिनल जुन्याच्या नात्यात अडकतं.

दोन मजली टर्मिनलबद्दलही लिहून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. यूटीटीबी २.५ मध्ये वरचा आणि खालचा मजला वेगळे असतात. वरच्या मजल्यावर पट्टी लावली की फक्त वरचे जोडले जातात. दोन्ही मजले आतून जोडलेला प्रकार हवा असेल तर नावामागे पीव्ही लावलेला घ्यायचा. तो जोड टर्मिनलच्या आतलाच असल्याने वेगळा जंपर दाखवायचा नाही, बीओएममध्येही वेगळी वस्तू येत नाही. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये यासाठी टर्मिनल ब्लॉक प्रॉपर्टीजमध्ये इंटर्नल जंपर आहे. ईप्लॅनमध्ये प्रत्येक मजल्याला लेव्हल नीट भरा, नाहीतर एडिटरमध्ये एकच टर्मिनल दोन म्हणून मोजलं जातं आणि रेलची लांबी दुप्पट येते.

---

रेघ_आणि_रेल

एम गट खाली सरकवला, शॉर्ट गेला. पोटेन्शियलच्या यादीत दोन्ही गटांची आठ-आठ टर्मिनलं वेगळी दिसतात. पी२४ ला फ्यूज टर्मिनलं घेतली, पट्टी इंटर्नलच्या रकान्यात आली. बीओएममध्ये एफबीएस ५-६ आणि ४-६ चा एकेक, ५-५ आणि ४-५ चा एकेक नग. बरोबर?

एकच राहिलं. त्याच रेलवर ४ पीई (अर्थिंगची) टर्मिनलं आहेत, यूटी २.५-पीई. त्यांनाही पट्टी लावू का?

---

पट्टीवाला

नग बरोबर आहेत. पण सीमेवर, म्हणजे शेवटचं हेसी आणि पहिलं यूटी २.५ यांच्या मध्ये, हेसीची उघडी कड झाकली जाते का ते पाहा. दोन्हींची ठेवण वेगळी असल्याने तिथे हेसीची स्वतःची एंड प्लेट लागू शकते. ती लेआउटमध्ये धरा, नाहीतर रेलची लांबी कमी पडते.

पीईला पट्टी नको. हिरव्या-पिवळ्या टर्मिनलचा पाय रेलला धरतो आणि ती रेलमधूनच एकमेकांना जोडली जातात. ड्रॉइंगमध्ये जंपर दाखवला तर कोणीतरी पट्टी शोधत बसेल. तिथे जपायचं ते वेगळं: रेलचा पॅनेलच्या प्लेटशी जोड पक्का हवा, रेलच्या स्क्रूखाली रंग खरवडलेला हवा, आणि एका पीई स्क्रूखाली एकच वायर. आयईसी ६०२०४-१ तिथे दुसरी वायर चालवून घेत नाही.